पट्टा बघून समोरचा ठरवतो

आमच्या ज्युदोच्या वर्गात रांग वयाने लागत नाही, पट्ट्याने लागते. एका टोकाला ब्राऊन बेल्टवाले, दुसऱ्या टोकाला व्हाइट बेल्टवाले. मी चाळिशीच्या तोंडावर सुरुवात केली, त्यामुळे कित्येक महिने माझी जागा अगदी शेवटी होती, दुसरी-तिसरीतल्या पोरांच्याही पलीकडे. मला पडायला शिकवायचं काम सरांनी सहावीतल्या एका ग्रीन बेल्ट मुलीकडे दिलं. मी वाकून रेई, म्हणजे नमस्कार, करायचो, तीही गंभीर चेहऱ्याने वाकायची, आणि लगेच हुकूम सोडायची, "काका, हनुवटी आत! नारळासारखे पडताय तुम्ही."

रत्नागिरीत कबड्डी खेळत वाढलेल्या माणसाला पडायचं काय शिकवायचं, असं मला वाटायचं. पण कबड्डीतलं पडणं वेगळं. चढाईत पकड झाली की मधल्या रेषेकडे हात लांबवायचा, अंग कितीही ओढलं गेलं तरी बोटं रेषेला लागली पाहिजेत, हे आमच्या हाडात मुरलेलं. ज्युदोत असा लांबवलेला हात मनगटात मोडतो, कोपरात निखळतो, नाहीतर कॉलर बोन घेऊन जातो. उकेमीत, म्हणजे ज्युदोतल्या पडण्याच्या पद्धतीत, हात जमिनीला टेकवायचा नसतो. पाठ लागायच्या क्षणी पूर्ण बाहू आणि तळहात मॅटवर आपटायचा, अंगापासून थोडा लांब, म्हणजे आघात पसरतो. हनुवटी छातीकडे, नजर स्वतःच्या पट्ट्याच्या गाठीवर. मागे, डावीकडे, उजवीकडे, पुढे, आणि मग खांद्यावरून कोलांटी घेऊन. मॅटवर जमेना तेव्हा सरांनी आम्हा नव्यांना भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. सुरूच्या झाडांजवळच्या कोरड्या वाळूत भीती थोडी कमी होते. आवाज मात्र होत नाही, आणि आवाजाशिवाय हात वेळेवर पडला की नाही ते कळत नाही, म्हणून परत मॅटवरच आलो.

पांढरा, पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा, तपकिरी आणि मग काळा, असा क्रम आहे. काळ्याच्या आधीच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात आणि त्या उलट मोजतात. आमच्याकडे पांढरा म्हणजे सहावा क्यू आणि तपकिरी म्हणजे पहिला. काळ्यापासून डॅन सुरू होतात, ते सुलट मोजायचे. सहाव्या ते आठव्या डॅनला लाल-पांढरा पट्टा असतो, नववा-दहावा लाल. ती मंडळी आमच्या गावात कोणी पाहिलेली नाहीत.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा बाहेरून आलेल्या परीक्षकांनी घेतली. फॉर्म, फोटो, फी, हजेरीपट, सगळं शाळेसारखंच. चारही दिशांच्या उकेमी झाल्या, ओ गोशी आणि दे आशी बाराई हे डाव झाले, जमिनीवर केसा गातामेची पकड झाली. परीक्षक जपानी नाव पुकारतात आणि आपण ते करून दाखवायचं, उजवीकडून आणि डावीकडूनही. कबड्डीने माझी उजवी बाजूच तयार केली होती. डावीकडून ओ गोशी घालताना पाय कुठे ठेवायचा, याचा विचार मला बँकेतल्या खुर्चीत बसूनही पडायचा.

मग तोंडी परीक्षा. ज्युदो कोणी सुरू केला? जिगोरो कानो. कुठे, कधी? तोक्योत, १८८२मध्ये, एइशोजी नावाच्या मंदिरात. बारा चटयांची जागा आणि नऊ विद्यार्थी. हे ऐकून आमच्यातलं एक पोरगं पटकन म्हणालं, "म्हणजे आपला हॉल मोठाच आहे की!" परीक्षक हसले आणि त्यांनी खोचक प्रश्न टाकला, पहिला ब्लॅक बेल्ट कोण? पुस्तकी उत्तर असं, की १८८३मध्ये कानोंनी शिरो साइगो आणि त्सुनेजिरो तोमिता या दोघांना पहिला डॅन दिला. पण काळा पट्टा कमरेला यायला त्यानंतर आणखी काही वर्षं लागली. दर्जाला पट्ट्याची खूण नंतर जोडली गेली. रंग तर जपानचे नाहीतच. लंडनच्या बुडोक्वाई क्लबात १९२०च्या दशकात रंगीत पट्टे होते आणि १९३०च्या दशकात मिकोनोसुके कावाइशी यांनी पॅरिसमध्ये ही पद्धत घट्ट रुजवली. जपानमध्ये मोठी माणसं बराच काळ पांढऱ्यातच असतात, मग तपकिरी आणि मग काळा.

हे कळल्यावर आमच्या पालकवर्गात कुजबुज झाली. एक जण म्हणाले, "बघा, म्हणजे हे सगळं पोरांना खूश ठेवायला आणि फी काढायला." त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. पोरगं नीट पळायला शिकायच्या आत त्याला काळा पट्टा बांधून वर्तमानपत्रात फोटो देणारे वर्ग मार्शल आर्ट्सच्या जगात थोडे नाहीत. मलाही तेव्हा रंगांचं फार कौतुक नव्हतं. उपयोग कळला तो चिपळूणला.

तिथे एका शिबिरात ठिकठिकाणचे खेळाडू आले होते. रँडोरी सुरू झाली, म्हणजे गुणांशिवायची मोकळी झुंज. माझ्यासमोर पोलिसात असलेला एक धिप्पाड ब्राऊन बेल्ट आला. आमची ओळख नव्हती, बोलणंही झालं नाही. त्याने रेई करताना माझ्या कमरेकडे पाहिलं. मी तेव्हा नारिंगी होतो. त्याने मला सहज उचलून टाकलं, पण माझी उजवी बाही शेवटपर्यंत वर ओढून धरली, म्हणजे माझं डोकं आणि खांदा हलकेच खाली आले. पुढच्या फेरीत तो एका ग्रीन बेल्टशी खेळला. तेव्हा ती बाही त्याने तेवढी सांभाळली नाही, आणि मॅटचा आवाज हॉलभर झाला. ग्रीन बेल्टवाला उठून कपडे नीट करत परत उभा राहिला. त्याला ते झेपत होतं आणि पोलिसाला ते माहीत होतं. कमरेवरून वाचलं होतं त्याने.

तेव्हापासून मला असं वाटतं की पट्टा बांधतो आपण, पण उपयोग होतो समोरच्याला. या माणसाला किती उंचीवरून, किती जोरात, कुठल्या दिशेला टाकलं तर तो सुखरूप उठेल, हे अनोळखी माणसाला एका नजरेत कळायला हवं. स्पर्धेत वजनगट असतात, पंच असतात. वर्गात आणि शिबिरात एवढी एक पट्टीच असते.

ओ सोतो गारीचंच बघा. दिसायला सोपा डाव. समोरच्याला मागे झुकवायचं आणि बाहेरून त्याचा पाय झाडून काढायचा. तो सरळ मागे पडतो. ज्याची हनुवटी आत जात नाही त्याचं डोकं सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात जोरात आपटतं. जपानच्या शाळांमध्ये १९८३नंतरच्या तीसेक वर्षांत ज्युदोत शंभरावर मुलं दगावली. त्यातली बरीचशी डोक्याच्या इजेने, आणि बरीच माध्यमिक किंवा उच्च माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्षातली, म्हणजे नुकतीच मॅटवर आलेली. त्या चर्चेत ओ सोतो गारीचं नाव पुन्हा पुन्हा येतं. आमचे सर म्हणून हा डाव व्हाइट बेल्टवर कोणाला घालू देत नाहीत. पहिला डाव ओ गोशी. त्यात टाकणाऱ्याचा हात पडणाऱ्याच्या कमरेभोवती असतो, दोघांची अंगं चिकटलेली असतात, आणि कमरेवरून तो किती वेगाने खाली यावा हे टाकणाऱ्याच्या हातात राहतं. पिवळ्यानंतर ओ सोतो गारी, तोही आधी जाड गादीवर. पुढे ताई ओतोशी, इप्पोन सेओई नागे. क्रम असा का, हे मी विचारलं नव्हतं. पडून पडून कळलं.

कोकणात परीक्षेची तारीख ठरवणं हे वेगळंच प्रकरण आहे. गणपतीत वर्ग बंद. चाकरमानी आले की हॉलची चावीसुद्धा सापडत नाही. शिमग्यात निम्मी पोरं पालखीबरोबर गावाला. एप्रिल-मेमध्ये ज्यांच्या घरी कलमं आहेत ती पेट्या भरायच्या कामात. शाळेच्या परीक्षा निराळ्याच. आणि मिरकरवाड्यातल्या, म्हणजे आमच्या मासेमारी बंदरावरच्या, मुलांचं वेळापत्रक तर समुद्राच्या हातात. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत बोटीवर जाणारे तरणे पोरगे रोज संध्याकाळी वर्गाला येतात, आणि ऑगस्ट लागला की दिसेनासे होतात.

माझी गाडी नेमकी त्यांच्यावर अडकते. ग्रेडिंगला नुसते डाव येऊन भागत नाही, अंगावर डाव घ्यायला जोडीदार लागतो, त्याला उके म्हणतात. तो साधारण आपल्या वजनाचा हवा. मी ८१ किलोच्या गटातला. वर्गातली बाकी मंडळी शाळकरी. उरला मिरकरवाड्यातला एकच पोरगा, ७३च्या गटातला, विशीतला. त्याची जुदोगीवरची, म्हणजे ज्युदोच्या पोशाखावरची, पकड सुटत नाही. लहानपणापासून दोर आणि जाळी ओढलेले हात आहेत ते. त्याने कॉलर धरली की माझी मान त्याच्या मर्जीने हलते. पट्ट्याची गाठही त्याला पहिल्याच दिवशी जमली. दोन्ही टोकं सारखी, गाठ चपटी, खेळताना सुटता कामा नये. आम्ही बाकीचे आठवडाभर आजोबांच्या धोतरासारखी सोडत-बांधत होतो. मग माझ्या सगळ्या परीक्षा त्याच्या बंदीच्या दोन महिन्यांत बसवायच्या असं ठरलं. सरांनीही ते मान्य केलं, कारण त्याचीही परीक्षा तेव्हाच होते आणि त्याचा उके मी.

आता जून-जुलै म्हणजे पाऊस. जुदोगी जाड सुती विणीची असते आणि घामाने आधीच भिजलेली. आमच्या हवेत ती तीन दिवसांतही वाळत नाही. पंख्याखाली टाकायची, सकाळी उलटी करायची, तरी काखेत ओल राहतेच. एकाच जुदोगीवर पावसाळा काढता येत नाही, हे नवीन पालकांना आम्ही आधीच सांगतो. मॅटला बुरशी धरते, म्हणून दर शनिवारी सगळ्या मॅट उचलून भिंतीला उभ्या करायच्या, खालची फरशी फिनेलच्या पाण्याने पुसायची, आणि कोरडी झाल्याशिवाय परत अंथरायच्या नाहीत. या कामात पट्ट्याचा मोठेपणा चालत नाही. ब्राऊन बेल्टवाल्याच्या हातातही फडकंच असतं. खरं तर सर हे काम मोठ्या पट्ट्यांकडेच जास्त देतात.

हिरव्या पट्ट्याच्या आधी माझ्या कबड्डीने पुन्हा डोकं वर काढलं. समोरचा अंगावर आला की माझा हात आपसूक त्याच्या पायाकडे जायचा, घोट्याला किंवा गुडघ्याला. सर शिट्टी मारायचे. पूर्वी ज्युदोत पाय धरून टाकायचे डाव होते. आंतरराष्ट्रीय ज्युदो महासंघाने २०१०मध्ये थेट पाय पकडण्यावर बंदी आणली आणि २०१३मध्ये ती आणखी कडक केली. तेव्हापासून उभ्या खेळात पट्ट्याखाली हात लावला की दंड. माझ्या निम्म्या आयुष्याचं कौशल्य एका नियमाने बाद झालं. पण त्यातून एक चांगलं झालं, मी सरळ उभा राहायला शिकलो. कबड्डीवाला कमरेत वाकलेला असतो. वाकलेल्या माणसाचा तोल ज्युदोवाल्याला फुकट मिळतो. तोल मोडणे, आत शिरणे, टाकणे, हे तीन टप्पे सर रोज घोकून घेतात, आणि पहिला टप्पा जमला तर ताकद फार लागत नाही. नाही जमला तर कितीही ताकद लावा, ७३ किलोचं पोरगं जागचं हलत नाही.

हिरव्या पट्ट्याला डावांच्या जोड्या विचारल्या. एक डाव फसला की समोरचा जिकडे जोर लावतो, तिकडेच दुसरा घालायचा. ते झालं. त्या परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

निळ्याला जमिनीवरचं काम वाढतं. पकडी आधीपासून असतात. पाठीवर दाबून वीस सेकंद धरलं की स्पर्धेत इप्पोन, म्हणजे लढत संपली. इथे मात्र कोपराची कुलपं आणि गळ्याचे आवळे येतात. जूजी गातामेत समोरच्याचा हात आपल्या मांड्यांमध्ये धरून कोपर उलट्या दिशेला ताणायचं. हादाका जिमेत मागून गळ्याभोवती हात. नीट बसला तर मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि माणूस दहाएक सेकंदांत शुद्ध हरपू शकतो. लहान मुलांना हे शिकवत नाहीत. त्या सहावीतल्या मुलीला (ती आता आठवीत आहे) याचा फार राग. "काका मागून आले आणि पुढे गेले," असं ती सरांना ऐकवते.

हार मानायची खूण म्हणजे समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर हाताने दोनदा थापटायचं. थापटलं की तत्क्षणी सोडायचं. निळ्याच्या परीक्षेत परीक्षकांनी माझा जूजी गातामे बारकाईने पाहिला, पण त्यांचं लक्ष माझ्या हातांपेक्षा पोराच्या हाताकडे होतं. त्याने थापटलं आणि मी किती पटकन सोडलं, हे ते बघत होते. इथेही पुन्हा तेच. तुझ्या हातात दुसऱ्याचं कोपर द्यावं की नाही, हे तो पट्टा सांगणार होता.

एक प्रसंग सांगायलाच हवा. जुलैत संध्याकाळी वीज जाते, त्यात नवल नाही. एकदा ऐन सरावात अंधार झाला. पोरं ओरडली, मोबाइल शोधायला निघाली. सर म्हणाले, कोणी हलायचं नाही, ज्याने जो धरलाय त्याला तसाच धरा. मग त्या अंधारात त्यांनी उचिकोमी चालू ठेवली, म्हणजे डावात शिरायचं, टाकायचं नाही, परत बाहेर यायचं. दिसत नसताना समोरच्याचा तोल कॉलर आणि बाहीतूनच कळतो, आणि तो जास्त चांगला कळतो. दृष्टिहीन खेळाडूंचा ज्युदो असाच सुरू होतो. आधी दोघांनी एकमेकांची पकड घ्यायची, मग पंच 'हाजिमे', म्हणजे सुरू करा, म्हणतात. २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कपिल परमारने ६० किलोच्या गटात कांस्य जिंकलं. ऑलिम्पिक असो वा पॅरालिम्पिक, ज्युदोत भारताचं ते पहिलं पदक. वीज आल्यावर सरांनी हे सांगितलं, तेव्हा पोरांनी परत दिवे घालवायचा आग्रह धरला.

आता माझ्या कमरेला ब्राऊन बेल्ट आहे आणि पुढे काळा. त्यासाठी नागे नो काटा, म्हणजे टाकायच्या डावांचं ठरलेलं प्रात्यक्षिक, तयार करायचा आहे. पंधरा डाव, पाच गटांत तीन-तीन, प्रत्येक उजवीकडून आणि डावीकडून, ठरलेल्या पावलांनी, ठरलेल्या अंतरावरून. आमच्याकडे आधी पहिल्या तीन गटांवर भर आहे, हाताचे, कमरेचे आणि पायाचे. यात झुंज नाही. उके कसा येणार, कुठे पडणार, सगळं ठरलेलं, आणि म्हणूनच जास्त अवघड. रँडोरीत गबाळेपणा घामात लपतो, काटामध्ये लपायला जागाच नाही. मुलांना हा प्रकार कंटाळवाणा वाटतो. मला फार आवडतो, आणि त्याला एक स्वार्थी कारणही आहे. हाताच्या गटातला तिसरा डाव काता गुरुमा. त्यात समोरच्याच्या मांड्यांमधून हात घालून त्याला दोन्ही खांद्यांवर आडवा उचलायचा आणि पलीकडे टाकायचा. स्पर्धेतल्या बंदीचा काटाशी संबंध नाही. इतक्या दंडांनंतर मला पायाला हात लावायची परवानगी मिळाली ती इथे. सरांनी तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा मिरकरवाड्याचं पोरगं माझ्याकडे बघून म्हणालं, "काका, आता तुमचा गेम आला."

पण काम दोन्ही बाजूंनी करायचं आहे. मी त्याला उचलतो, तो मला. त्याला माझे ८१ किलो खांद्यावर घेऊन सरळ उभं राहावं लागतं आणि मला त्या उंचीवरून विश्वासाने पडावं लागतं. उचलायला तो कुरकुर करत नाही, त्याची तक्रार माझ्या पावलांबद्दल असते. मी चालताना पाय उचलतो. काटामध्ये पाय मॅटवरून घसटत न्यायचे. बोटीवर असाच चालतो आपण, असं त्याचं म्हणणं.

सरांनी परीक्षेसाठी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली तारीख मागितली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. तारीख ऑगस्टमध्ये गेली तर पोराला बोटीवरून सुट्टी मिळवायला त्याच्या तांडेलाकडे, म्हणजे बोटीच्या प्रमुखाकडे, जावं लागेल, आणि ते काम मी अंगावर घेतलं आहे. तांडेलाचं कर्जखातं आमच्याच शाखेत आहे. ते मध्ये आणायचं नाही, असं पोराने मला आधीच बजावून ठेवलं आहे.